चुनखडीचा खडा आणि प्रश्नाचा अधिकार

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून उतरून आमराईकडे निघते. वाटेतील रानात लाखोंच्या संख्येने जमलेले भाविक खाली वाकतात, चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि ढिगावर वाहतात. या चुनखडीचा चुना देवीच्या देवळाच्या रंगकामाला लावावा, अशी परंपरा आहे. कळंब तालुक्यातील, बालाघाटाच्या कुशीतील हे गाव एरवी सोलापूर-संभाजीनगर महामार्गावरील एक थांबा म्हणूनच प्रवाशांना ठाऊक असते. परंतु चैत्रात धाराशिव, बीड, लातूर आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या वाटा जणू त्याच दिशेने वाहू लागतात. खडे वेचणाऱ्यांत शेतकरी आणि शेतमजूर असतात, तसेच शाळामास्तर, कचेरीतील कारकून आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थीही असतात.

या दृश्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. शहरातील बुद्धिवादी म्हणवणारा गृहस्थ ओठ मुडपून हसतो आणि एवढे मनुष्यबळ खडे वेचण्यात वाया जाते, म्हणून हळहळतो. भाविक या हसण्याने दुखावतो आणि विज्ञानाला काय कळते, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवतो. दोघांचेही चुकते ते एकाच ठिकाणी. दोघांपैकी कोणीही तो खडा हातात घेऊन पाहिलेला नसतो.

खडा पाहण्यासारखा आहे. मराठवाड्याची जमीन ज्या काळ्या पाषाणाची झाली, तो बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायॉक्साइड विरघळवून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि या पाषाणातील कॅल्शियम हळूहळू सोडवून आणते. कोकणात धो धो पाऊस पडतो आणि सुटलेले कॅल्शियम समुद्राला मिळते. म्हणून तेथील तांबड्या जांभ्याच्या भूमीत असे खडे सापडत नाहीत. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन प्रखर. पाणी जमिनीतच आटते, मागे चुना राहतो आणि तो कणाकणाने साचून खडा होतो. नांगराच्या तासाने आणि पावसाच्या ओहोळाने हे खडे वर येत राहतात. जो अवर्षणाचा शाप आपण पिढ्यान्पिढ्या भोगतो आहोत, त्याचीच ही पांढरी खूण होय.

पुढची हकिगत याहूनही गमतीची आहे. हा खडा भट्टीत सुमारे नऊशे अंश उष्णतेवर भाजला की त्यातील वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळल्यासारखा तापतो, फुटतो, विरतो. असा विरलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतील कार्बन डायॉक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि होता तोच पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बनतो. रानातून उचललेला खडा भट्टीतून आणि पाण्यातून फिरून देवळाच्या भिंतीवर पुन्हा खडाच होऊन बसतो. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ही तीन समीकरणे सापडतात आणि आपली मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. त्या समीकरणांचा आणि आई-आजीबरोबर यात्रेत वेचलेल्या खड्याचा काही संबंध आहे, असे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

हे सारे कळल्याने देवीचे काही उणे होते काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. खडा कसा झाला हे भूविज्ञान सांगते. तो वाहताना वाहणाऱ्याच्या मनात काय असते, गेल्या वर्षीचे दुखणे, मुलीचे लग्न, हुकलेला पाऊस, याविषयी भूविज्ञानाला काही म्हणायचे नाही. येथवर भांडणाला जागाच नाही. भांडण कोठे सुरू होते ते पुढे पाहू; परंतु त्याआधी श्रद्धेच्या बाजूने हमखास घेतल्या जाणाऱ्या एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. देवाधर्माच्या गोष्टीत प्रश्न विचारू नये, परीक्षा पाहू नये, असे म्हटले जाते. हे येरमाळ्यात म्हणणे मोठे धाडसाचे आहे. कारण येडाईची जी कथा या परिसरात सांगितली जाते, ती परीक्षेचीच कथा आहे. सीतेच्या शोधात वनवन हिंडणारा हा शोकाकुल राजपुत्र खरोखरच ईश्वर आहे काय, अशी शंका पार्वतीला आली. शंकराने सांगितले म्हणून ती गप्प बसली नाही. सीतेचे रूप घेऊन रामापुढे उभी राहिली. रामाने ओळखले आणि तू वेडी आहेस, असे प्रेमाने म्हटले. त्या वेडीची येडाई झाली. शंका घेतली म्हणून पार्वतीला कोणी पाखंडी ठरवले नाही. उलट त्या शंकेच्याच नावाने तिचे देऊळ उभे राहिले.

आपल्याच जिल्ह्यातील तेरचे उदाहरणही असेच बोलके आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? गाडगा वाजवून घ्यावा, ही कुंभाराच्या आव्यावरची रीत त्यांनी भक्तीच्या दरबारात आणली. नामदेव रुसले, पण गुरूच्या शोधात निघाले. यावरून गोरोबा हे आद्य वैज्ञानिक होते, असा शोध मात्र कोणी लावू नये. पुराणांतील विमाने आणि संतांचे अणुशास्त्र हुडकून काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि त्या उद्योगाने ना पुराणांचा मान वाढतो ना विज्ञानाचा. सांगायचे ते इतकेच, की परीक्षा ही या मातीला परकी गोष्ट नाही.

आता भांडणाकडे वळू. श्रद्धा जोवर मनाची गोष्ट असते तोवर तिचा आणि विज्ञानाचा रस्ता वेगळा असतो. ती जेव्हा जगाविषयी विधान करू लागते, म्हणजे अमुक केल्याने पाऊस पडतो, तमुक मंत्राने विष उतरते, पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते किंवा पापामुळे भूकंप होतो असे म्हणू लागते, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चालत कसोटीच्या ओट्यावर येऊन उभी राहते. मग तिला थापटण्याचा टोला चुकत नाही.

भूकंपाचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जे घडले, ते लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील कोणत्याही कुटुंबाला विसरणे शक्य नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे झोपली होती. ६.२ च्या आसपास तीव्रतेच्या त्या एका धक्क्याने सुमारे आठ हजार माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या देवाला नुकताच भक्तिभावाने निरोप दिला, त्याच रात्री हे का व्हावे, हा प्रश्न त्या वेळी ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसाने विचारला असेल तर तो प्रश्न खरा होता, आणि त्याला भूपट्टाच्या ताणाचे व्याख्यान हे उत्तर नव्हते. पोर गेलेल्या आईपुढे विज्ञान मुके असते. हे नास्तिकाने मान्य करावे.

परंतु हा कोप होता, असे एकदा ठरवले की पुढचे सारे मार्ग बंद होतात. कोपाची शांती करता येते; भिंत सुधारता येत नाही. त्या पहाटे माणसे मेली ती प्रामुख्याने घरांनी मारली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दगड मातीत बसवलेले, आतली आणि बाहेरची अशा दोन फळ्या आणि मध्ये गोट्यांची भर. दोन्ही फळ्यांना आरपार जोडणारा दगड नाही. आणि वर मातीच्या जाड थराचे टनावारी वजनाचे माळवद. धक्क्यासरशी भिंतीच्या फळ्या एकमेकींपासून फाकल्या आणि माळवद खाली आले. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच घर शतकानुशतके शहाणपणाचे मानले गेले होते. दर काही फुटांवर आरपार दगड घालावा, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सबंध घराभोवती एक अखंड पट्टा फिरवावा, माळवदाचे ओझे हलके करावे, या साध्या गोष्टी अभियंत्यांनी गावोगाव सांगितल्या. त्या गवंड्याच्या हातच्या होत्या. कोपाच्या उपपत्तीतून यांतील एकही गोष्ट निघाली नसती.

हा वाद आपल्याकडे पूर्वीही झालेला आहे, आणि तो आस्तिक-नास्तिकांमध्ये झालेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा होय, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते मुळीच मानवले नाही. अस्पृश्यतेचा धिक्कार करण्यात ते गांधींच्या मागे नव्हते. परंतु भौतिक घटनेला भौतिकच कारण असते आणि लोकांच्या नीतीशी जमिनीच्या हालचालीचा सांधा जोडणे हे अविचाराला खतपाणी घालणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधींनी तो आक्षेप आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला आणि त्याला उत्तर दिले. दोघेही ईश्वर मानणारे. मोठ्या माणसांचे मतभेद कसे असावेत, याचा हा नमुना आहेच. परंतु ईश्वर मानणाऱ्यालाही कार्यकारणभाव शाबूत ठेवता येतो, याचे याहून चांगले प्रमाण कोठे मिळणार?

मग त्या पहाटे विज्ञान निर्दोष ठरले काय? मुळीच नाही. किल्लारीचा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे लहान धक्के बसून गेले होते. तरीही पुढे काय वाढून ठेवले आहे ते कोणाला सांगता आले नाही. भूकंपाची तारीख-वेळ सांगणारे शास्त्र आजही अस्तित्वात नाही, आणि तसे सांगणारा कोणी भेटला तर तो शास्त्रज्ञ नव्हे, एवढे खुशाल समजावे. तथापि पुढे काय झाले ते पाहा. शास्त्रज्ञांनी किल्लारीपाशी खोल विवर खणले. सुमारे ३४० मीटर जाडीचा बेसॉल्ट पार करून खालचा प्राचीन खडक गाठला आणि या स्थिर मानलेल्या भूमीच्या पोटात काय चालले आहे याचा शोध सुरू केला. २००२ साली नकाशा बदलला. पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्यात गेला. स्वतःचा नकाशा चुकला असे लिहून देणारी आणि दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त करायला बसणारी ही वृत्ती विज्ञानाची खरी ओळख आहे. यंत्रे आणि शोध ही तिची फळे झाली.

या वृत्तीचा कणा म्हणजे मोजदाद. मांत्रिकाची पत इतकी वर्षे का टिकली, याचा नीट विचार केला तर तो मोजदादीच्या अभावाचाच प्रश्न असल्याचे दिसून येते. आपल्याकडे विषारी साप मोजकेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे त्यांतले मुख्य. बाकी पुष्कळसे साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसे विष भिनतेच असे नाही. म्हणजे मंत्र घातला काय आणि न घातला काय, दंश झालेल्यांपैकी बरीच माणसे वाचणारच असतात. वाचलेला माणूस गावभर सांगत फिरतो. मेलेला काही सांगत नाही. त्याचे नातेवाईक आयुष्यच सरले होते, असे म्हणतात. अशा हिशेबात मांत्रिक नेहमी नफ्यात राहतो, कारण तोट्याचे पान वहीत चिकटवलेलेच नसते.

याच्या उलट चित्र पाहायचे असेल तर आपल्याच मराठवाड्यातील एका माणसाकडे पाहावे. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास कोकणात महाडच्या परिसरातील आरोग्य केंद्रात गेले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, पटापट दगावत. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होते. मंत्र-तंत्र झाल्यावर उशिराने रुग्ण दवाखान्यात यायचा. बावस्करांनी मांत्रिकाशी देवाच्या अस्तित्वावर वाद घातला नाही. ते खाटेशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली, मृत्यू हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन येतो हे ओळखले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. इंग्लंडच्या 'लॅन्सेट'ने एका खेड्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याची ही टिपणे छापली. कोकणातील माणसे आता विंचू चावताच दवाखान्याकडे धावतात, ती कोणी त्यांची श्रद्धा खोडून काढली म्हणून नव्हे. शेजारचे पोर वाचलेले त्यांनी पाहिले म्हणून.

मोजदादीचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शाळेत चमकणारी १०० मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली १०० मुले यांच्या पत्रिका करून त्यांतील ४०-४० पत्रिका ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर पन्नासाच्या आसपास आली असती. परंतु हाच दंडक सरकारी विमानालाही लावला पाहिजे. अवर्षणात पोरे धोंडी काढतात, तिला आपण अडाणीपणा म्हणतो. २०१५ च्या दुष्काळात ढगांवर रसायने फवारणारे विमान मराठवाड्यावर फिरले, त्याला आपण विज्ञान म्हटले. फवारणीनंतर पाऊस पडला म्हणजे फवारणीने पडला, असे मानणारा मनुष्य धोंडीच्या मागे चालणाऱ्या पोरापेक्षा कोणत्या बाबतीत पुढारलेला आहे? फरक पडला तो पुढे, जेव्हा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतील काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम सोडून दिले आणि दोहोंखालचा पाऊस मोजला. फवारलेल्या ढगांखाली सुमारे १८ टक्के अधिक पाऊस आढळला. म्हणजे उपाय आहे, पण तो जेथे मुळात ढगच नाहीत तेथे निरुपयोगी आहे. ही दुसरी गोष्ट मोजणीमुळेच कळते आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत ती फारशी येत नाही.

येथे शाळांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. विज्ञान हा विषय आपण सक्तीचा केला, प्रयोगशाळेला खोली दिली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. परंतु शिकवले ते पोथीसारखे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मुलगा कशावरून म्हणतो? पुस्तकात दिले आहे आणि गुरुजींनी सांगितले आहे म्हणून. त्याचा आजा शेषाच्या फण्याचे जे सांगत असे, त्याचे प्रमाणही पोथी आणि पुराणिक हेच होते. विधान बदलले, विश्वास ठेवण्याची रीत तीच राहिली. म्हणूनच पदवीधर मनुष्य उपग्रहाच्या उड्डाणाने हरखतो आणि संध्याकाळी भोंदूच्या दारी पैसे मोजतो, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. त्याच्या लेखी दोन्ही चमत्कारच असतात. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा त्या रांगांत द्रवाच्या पृष्ठताणाची व्याख्या घोकून परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे थोडी नव्हती. पळीच्या कडेला ते पृष्ठताणच समोर उभे राहिले आणि ओळख पटली नाही!

वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. परिपाठाला ते वाचले जाते, हे चांगलेच आहे. तथापि चैत्रानंतर शाळेतील एखाद्या मुलीने चुनखडीचा खडा टेबलावर ठेवून, "गुरुजी, हे दर वर्षी कोठून येतात?" असे विचारले तर तिला गप्प करणे आणि तिची टवाळी करणे, या दोन्ही गोष्टी त्या कर्तव्याचा भंग करतात. लिंबू पिळून खड्यावर येणारे बुडबुडे तिला दाखवणे ही तिसरी गोष्ट गुरुजींना जमण्यासारखी आहे, आणि तिला शासकीय अनुदान लागत नाही.

आता राहिला नास्तिकाचा प्रश्न. विज्ञान म्हणजे नास्तिक्य, असा एक समज दोन्ही गोटांत आहे आणि तो दोघांच्याही सोयीचा आहे. विज्ञान आपल्या कामात ईश्वराचे गृहीतक वापरत नाही, एवढेच खरे. गणित करताना ते लागत नाही म्हणून ते खोटे ठरते, असा निर्णय प्रयोगशाळा देत नाही. तो निर्णय विचारवंताने स्वतःच्या जबाबदारीवर करायचा असतो. महाराष्ट्रात असा निर्णय करणारी आणि तो लपवून न ठेवणारी माणसे झाली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. ईश्वर अज्ञेय मानणाऱ्या या माणसाची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. नांदेडचे नरहर कुरुंदकर उघड नास्तिक होते, आणि धर्मग्रंथांचा त्यांच्याइतका कसून अभ्यास करणारे आस्तिक मराठवाड्यात किती निघाले, हे ज्याचे त्याने मोजावे. दाभोलकर स्वतः नास्तिक. परंतु १९८९ मध्ये स्थापन केलेल्या त्यांच्या समितीने देव मानणाऱ्यांना दार बंद केले नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध आणि ईश्वराविषयी तटस्थता, ही तिची भूमिका. त्यांच्या काही सहकाऱ्यांना ती मवाळ वाटे. प्रस्तुत लेखकाला ती व्यवहारी आणि प्रामाणिक वाटते, कारण गाडगेबाबांनी कीर्तनातून हेच काम देवाचे नाव घेऊन केले होते.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. ज्या कायद्यासाठी ते अठरा-वीस वर्षे झगडले, तो त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच अध्यादेशाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. हा कायदा देवळाला, यात्रेला, वारीला, नवसाला हात लावत नाही. नरबळी, अघोरी छळ, भूत उतरवण्यासाठी मारहाण, सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे अशा गोष्टींना तो गुन्हा मानतो. येरमाळ्याच्या यात्रेतील खडे वेचणाऱ्या कोणाही माणसाला या कायद्याने आजवर घाबरण्याचे कारण नव्हते आणि नाही. तरीही हा कायदा धर्मावरचा घाला आहे, हे त्याला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. ज्यांना तो भोवणार होता, त्यांनी भाविकांच्या गर्दीआड लपून त्याला विरोध केला, ही त्या सबंध वादातील दुःखद गोष्ट आहे.

नास्तिक संख्येने थोडे आहेत. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात ३३ हजारांच्या आसपास निघाले. त्यांतील साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. खरी संख्या याहून मोठी असणार, पण घरच्या आणि गल्लीतल्या माणसांपुढे ती उघड करण्याची सोय थोड्यांनाच असते. कायद्याने त्यांची बाजू स्पष्ट केलेली आहे. कोणत्याही नागरिकाला धर्म सांगण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही, आणि मला धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. सद्सद्विवेकबुद्धीच्या ज्या स्वातंत्र्यातून भाविकाला पालखीमागे चालण्याचा हक्क मिळतो, त्यातच न चालण्याचा हक्कही आहे, हा त्याचा अर्थ.

त्याच्या आदल्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे नाशिकच्या एका शिक्षकाचे प्रकरण निकालात निघाले होते. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हा शिक्षक शांत उभा राहत असे, परंतु हात जोडत नसे. एवढ्यावरून त्याच्या वेतनवाढीचा प्रश्न अडला आणि अनेक वर्षे तो झगडत राहिला. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि त्याचे देणे द्यायला लावले. हा निकाल गावोगावच्या शिक्षक-खोल्यांत वाचला गेला असता तर बरे झाले असते. कारण असे शांत उभे राहणारे शिक्षक आपल्याही जिल्ह्यात असतीलच. ते मुलांना चुन्याची समीकरणे शिकवतात, यात्रेच्या दिवसांत पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून म्हाताऱ्या माणसांच्या हाती पेला देतात, आणि पालखी निघाली की कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाजूच्या लिंबाखाली जाऊन थांबतात. त्यांना त्या लिंबाखाली जावे लागू नये, एवढी व्यवस्था त्यांच्या भाविक सहकाऱ्यांनी करून द्यायला हरकत नाही.